चव्वेचाळीस आणि वर शगुनाचा एक

काल्याच्या लाह्यांत आधी दही घालावं की मीठ, या प्रश्नावर बालाघाटच्या वॉर्डातल्या विठ्ठल मंदिराची सप्ताह समिती एका वर्षी तीनदा बसली होती. चपला डावीकडे काढाव्यात की उजवीकडे, यावर दोनदा. पण सॅम्पल रेट चव्वेचाळीस ठेवावा की अठ्ठेचाळीस, हा प्रश्न समितीपुढे यंदा पहिल्यांदाच आला. तो आणणारे होते खेमराज लांजेवार, जंगल खात्याच्या ऑफिसातले बडे बाबू (म्हणजे हेडक्लार्क) आणि कीर्तनात पहिल्या रांगेत बसून चुकीच्या मात्रेवर डोलणारे भाविक.

मूळ अडचण साधी होती. कटंगीच्या गोदाबाई यंदा कीर्तनाला येणार नव्हत्या. सप्ताहाचं शेवटचं कीर्तन एकतीस वर्षं त्यांचं. बाई पदर खोचून उभ्या राहिल्या, कपाळाला बुक्का लागला आणि एकतारी छेडली, की बालाघाटच्या मंडईतला भाजीवालाही वजनाचं माप हातात धरून ऐकत राही. आता गुडघे सुजले आणि डॉक्टरांनी दोन तास उभं राहायला मनाई केली. मग बसून करा, असं खेमराजभाऊंनी फोनवर सुचवलं मात्र, बाई तिकडून कडाडल्या.

"बसून होते थे प्रवचन! कीर्तन उभ्यानं होते. देव विटेवर उभा, अन् मी गादीवर बसू काय?"

पण खेमराजभाऊंकडे तोडगा होता. बाईंनी कीर्तन करू नये, फक्त एक पद म्हणून द्यावं. ते रेकॉर्ड करून शेवटच्या दिवशी लावायचं. पदही ठरलेलंच: बाईंचे वडील महागू महाराज यांनी रचलेलं, धानाच्या लोंबीचं. ते झाल्याशिवाय सप्ताह उठल्यासारखा कोणालाच वाटत नसे. महागू महाराजांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्यांचा फोटो एक होता, आवाज एकही नव्हता. त्यामुळे पद झालं, की दर वर्षी कोणीतरी म्हातारा बाईंच्या पाया पडून उठता उठता म्हणायचाच, "बेस झालं बाई. पन महाराज हळू म्हनत." एकतीस वर्षं बाई हे वाक्य प्रसादासारखं हातावर घेत आल्या होत्या. चेहऱ्यावर मात्र तो प्रसाद गोड लागल्याचं कधी दिसलं नाही.

बाईंनी मान्य केलं, पण अट घालून. "एकदा म्हनून देतो, खेमराज. एकदाच. दुसऱ्यांदा आलास तर दार नाही उघडनार. हरीपुढं रिहर्सल नसते."

खेमराजभाऊंनी शब्द दिला. तोही समितीसमोर, माइकवर, म्हणजे परत घेता येणार नाही अशा ठिकाणी.

आता साथ कोण करणार? मंदिराचा पेटीवाला मुलाकडे रायपूरला राहायला गेला होता, आणि मंदिराच्या पेटीचा भाता उंदरांनी एकादशी न पाळता खाल्ला होता. पण खेमराजभाऊंची मुलगी खुशी पुण्याला नोकरीला जाताना आपला जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली होती, आणि त्यात एका सॉफ्टवेअरमध्ये पेटी, मृदंग, टाळ अशी सगळी मंडळी राहत होती. बटण दाबलं की पेटी वाजे. ना भाता, ना उंदीर. फक्त सुरुवातीलाच ते सॉफ्टवेअर विचारी: सॅम्पल रेट कोणता?

खेमराजभाऊ स्वभावाने असे, की ऑफिसात साधी पेन्सिल मागवायची तरी वरिष्ठांची सही घेत. एवढा मोठा निर्णय त्यांनी एकट्याने घेणं शक्यच नव्हतं. म्हणून समिती.

"सॅम्पल रेट म्हंजे असं," ते समजावू लागले, "आपण गाऊन राह्यलो, तर कॉम्प्युटर एका सेकंदात चव्वेचाळीस हजार शंभर वेळा कान देते. त्याले म्हणतात चव्वेचाळीस पॉइंट एक. अठ्ठेचाळीसवर ठेवलं तर अठ्ठेचाळीस हजार वेळा."

"एका सेकंदात?" अध्यक्ष तेजरामभाऊंनी डोळे विस्फारले. "बापा! आपन तं पुऱ्या कीर्तनात चारदा कान देतो."

लग्नामुंजींना भोंगे पुरवणारे राजेंद्र साउंडवाले म्हणाले, "देखो भाऊ, अठ्ठेचाळीस. व्हिडिओ बनवायचा असंल तं अठ्ठेचाळीसच लागते. माझी सगळी मशीन त्याच्यावरच हाय."

निवृत्त गणित शिक्षक चंद्रशेखर सरांनी खिशातून खडू काढला. ते निवृत्त झाले होते, खडू झाला नव्हता. मंदिराच्या फरशीवर आकडेमोड करून त्यांनी सिद्ध केलं की माणसाच्या कानाला चव्वेचाळीस पॉइंट एक पुरेसं आहे, आणि समितीतल्या सभासदांचं वय पाहता अकरासुद्धा पुरेल.

"एक्कावन्न करा," तेजरामभाऊ म्हणाले.

"एक्कावन्न त्या यादीतच नाही, अध्यक्षजी."

"काहून नाही? शुभ आकडा नाही ठेवत काय यादीत? बनवनाऱ्याले समजत नाही काय?"

सर आणि राजेंद्र एकमेकांकडे पाहत नव्हते. एक जण शहाण्णवही म्हणाला, जितकं जास्त तितकं चांगलं या न्यायाने. खेमराजभाऊंनी तिथल्या तिथे लावून पाहिलं. लॅपटॉपचा पंखा राइस मिलसारखा घरघरला आणि पेटी एक सूर देऊन अंतर्धान पावली. शेवटी तेजरामभाऊंनी फरशीवरचा आकडा निरखून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, थांबा! चव्वेचाळीस अन् वर एक! वरचा एक शगुनाचा हाय! अठ्ठेचाळीसले शगुन कुठं हाय?"

सभेत टाळ्या पडल्या. राजेंद्रचं तोंड मात्र एवढं पडलं, की खेमराजभाऊंना राहवेना. दोघांचंही मन राखायचं या थोर विचाराने त्यांनी जाहीर केलं: वाद्यं चव्वेचाळीस पॉइंट एकवर, आणि बाईंचा आवाज राजेंद्रच्या मशीनवर अठ्ठेचाळीसला. सगळे खूश. कीर्तनात हरी आणि हर एकच, असं निरूपण त्यांनी शंभर वेळा ऐकलं होतं. तेव्हा चव्वेचाळीस आणि अठ्ठेचाळीस यांचंही जमेल, असं त्यांना मनापासून वाटलं.

भोंग्याच्या परवानगीचा अर्ज घेऊन ते कचेरीत गेले, तिथे पहिला अपशकुन झाला. "वाद्ये" या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: पेटी, मृदंग, टाळ (संगणकात). समोरच्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं.

"ये पेटी है, कि नहीं है?"

"है भी, और नहीं भी है."

"देखिए, ये वेदान्त मत समझाइए. है तो बजानेवाले का नाम लिखिए. नहीं है तो काटिए."

स्वतः बडे बाबू असलेल्या माणसाला दुसऱ्या बाबूने असं बोलावं! खेमराजभाऊंनी मुकाट्याने तिन्ही वाद्यांपुढे "खेमराज लांजेवार" लिहिलं. एका माणसाने पेटी, मृदंग आणि टाळ एकाच वेळी वाजवायला सरकारची हरकत नव्हती.

कटंगीला मात्र सगळं ओवाळल्यासारखं पार पडलं. बाई खाटेवर टेकल्या होत्या. पण पदाची वेळ आली तेव्हा भिंत धरून उभ्या राहिल्या. हातात वडिलांचीच एकतारी. खेमराजभाऊंनी मोबाइलवर सूर तपासून ती काळी तीनच्या पट्टीला लावून दिली. राजेंद्रने दिलेलं छोटं मशीन उशीवर ठेवलं. बाईंनी डोळे मिटले.

धानाच्या लोंबीत हरी माझा भरला,
जड झाला तसा तसा भुईकडे वळला.

सहा मिनिटं. पद संपल्यावर बाई खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "जा आता. चहा पिऊन जाय, पन पुन्हा म्हन म्हनशीन तर याद राख."

घरी येऊन खेमराजभाऊंनी हातपाय धुतले, लॅपटॉपला उदबत्ती दाखवली आणि बाईंचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये घातला. पडद्यावर एक चौकट उघडली. इंग्रजीत प्रश्न होता, पण अर्थ त्यांना लागला: या आवाजात बदल करू का?

खेमराजभाऊ दचकले. गोदाबाईंच्या आवाजात बदल? महागू महाराजांच्या लेकीच्या? आपण कोण? त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला आणि "नाही" दाबलं.

आणि तिथून त्यांची साडेसाती सुरू झाली.

पेटी काळी तीनला ठेवली होती. बाई काळी तीनला गायल्या होत्या. पण दोघी एकमेकींशी बोलायलाच तयार नव्हत्या. बाईंचा आवाज खाली, जड, जेवण झाल्यावरच्या दुपारसारखा. खेमराजभाऊंनी पेटी एक पट्टी उतरवून पांढरी चारवर आणली. बाई अजून खालीच. आणखी एक उतरवून पांढरी तीनवर आणली, तर आता बाई वर! चार आणि तीन या पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये काळी नसते, हे पेटी पाहिलेल्या लहान मुलालाही माहीत असतं. आणि नेमक्या त्या फटीत बाईंचा आवाज जाऊन बसला होता. साऱ्या पेटीत तो सूरच नव्हता.

चार दिवस खेमराजभाऊ ऑफिसातून येत, कपडे न बदलता लॅपटॉपपुढे बसत. सप्ताह सुरू झाला, रोज एक दिवस कमी होऊ लागला, आणि बाईंचं दार तर बंदच होतं. शेजारपाजारचे मात्र सल्ल्याला कमी पडले नाहीत.

राजेंद्र म्हणाला, "इको टाका भाऊ. इकोमध्ये सगळं लपते. माझा पुरा धंदा इकोवर चालते."

चंद्रशेखर सर म्हणाले, बावीस श्रुतींपैकी ही एक असणार, आणि बाकीच्या एकवीस सांगायला बसले.

तेजरामभाऊ म्हणाले, "शगुनाच्या आकड्यावर अठ्ठेचाळीस आनून बसवला तुमी, म्हनून झालं. पह्यलेच म्हटलं होतं, एक्कावन्न!"

आणि खेमराजभाऊंच्या पत्नी गीताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, बाईचा गुडघा उतरला, तसा सूर बी उतरला असंल. त्यात लॅपटॉपचा काय दोष? अन् ते उदबत्तीची राख झाडा पह्यले त्याच्यावरून."

पाचव्या दिवशी सकाळी वैतागून त्यांनी पेटी बंद केली, मृदंग बंद केला, टाळही बंद केला आणि नुसता आवाज मोठ्याने लावला. सूर निदान कुठे हरवलाय ते तरी कळावं. खिडकी उघडी होती. पलीकडच्या अंगणात सुखरामबुवा ऊन खात बसले होते. वय चौऱ्याऐंशी, एक कान गेलेला. तरुणपणी महागू महाराजांच्या मागे मृदंग धरणारे.

पहिली ओळ झाली, आणि कुंपणाचं फाटक वाजलं. सुखरामबुवा अनवाणी, काठी विसरून, दारात उभे. हात जोडलेले.

"खेमराज," त्यांचा आवाज फाटला होता, "महाराजाची टेप तुले कुठं भेटली रे?"

"बुवा, हे महाराज नाहीत. हे..."

"मले सांगतं? अठरा वर्स मी त्यायच्या मांगं बसलो! हेच बोलनं, हीच एकतारी. अन् हाच सूर! पेटीवाल्यायले त्यायचा सूर कधी भेटलाच नाही. पांढरीत नाही, काळीत नाही. म्हनून तं महाराज पेटी घेतच नव्हते, नुसत्या एकतारीवर म्हनत." त्यांनी डोळे पुसले. "अन् पाह्य, कसे हळू म्हनून राह्यले!"

खेमराजभाऊ आणखी काही बोलणार, पण बुवांचा गेलेला कान त्यांच्या बाजूला होता. बुवा निघाले, आणि घरी गेले नाहीत. मंदिरात गेले.

दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डाला कळलं की महागू महाराजांची टेप सापडली. चार वाजेपर्यंत ती टेप हट्टा गावातल्या बावडीजवळच्या कोणा भाविकाच्या माळ्यावर सापडल्याचं ठरलं. संध्याकाळी ऑफिसातून येताना खेमराजभाऊंना मंदिरावर दहा फुटी फ्लेक्स दिसला: महागू महाराजांचे दुर्मिळ ध्वनिमुद्रण. खाली लहान अक्षरात: सौजन्य, खेमराज लांजेवार. आणि शेजारी त्यांचा फोटो, तोही ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, ज्यात ते हरवलेल्या माणसासारखे दिसत.

घरी येऊन त्यांनी पुण्याला फोन लावला. खुशीने सगळं ऐकून घेतलं.

"पापा, एक बॉक्स आला होता ना? कन्व्हर्ट करूँ क्या, असं विचारलं असेल. तुम्ही काय दाबलं?"

"नाही."

"क्यों?"

"बाईच्या आवाजात बदल करनारा मी कोन?"

पलीकडून मग हसू दाबल्याचा आवाज. "पापा, असं समजा. बाईंनी सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार दाणे मोजून दिले. तुमच्या पेटीवाल्या प्रोजेक्टने सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभरच उचलले. दाणे तेवढेच, पण उचलायला टाइम जास्त लागला. इसलिए स्लो. इसलिए भारी. काही बिघडलं नाही. पुन्हा आत घ्या, आणि या वेळी 'हो' म्हणा."

खेमराजभाऊंनी "हो" म्हटलं. बाईंचा खरा आवाज क्षणात जागेवर आला, काळी तीनला, पेटीच्या मांडीला मांडी लावून. शब्द वाचला होता. त्यांनी देवापुढे साखर ठेवली. आता फक्त दहा फुटी फ्लेक्सचं काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

तो सोडवायला दुसऱ्या दिवशी सकाळी, काल्याच्याच दिवशी, दारात ऑटो थांबली. आधी काठी उतरली, मग सुजलेला पाय, आणि मग गोदाबाई. कटंगीहून पहिल्या बसने, धक्के खात आलेल्या.

"कुठं हाय?" त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "बाबायची टेप सापडली म्हनते. कुठं हाय, खेमराज?"

बडे बाबू म्हणून खेमराजभाऊंनी पुष्कळ फायली फिरवल्या होत्या, पण इथे "पुढील कार्यवाहीसाठी" कुठेच पाठवता येत नव्हतं. गीताबाई दारात थबकल्या होत्या.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "टेप नाही. तुमचाच आवाज हाय. मी बिघडवला. ते आता सरळ झालं, पन आधी बिघडलं होतं, अन् सुखरामबुवांनी ते बिघडलेलं आयकलं."

बाई खुर्चीवर बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवली. चेहऱ्यावरून काहीतरी हळूच उतरून गेलं.

"किती बिघडवला?"

"दीडेक पट्टी खाली. अन् जरासा हळू."

"लाव."

"बाई, सरळ केलेलं लावतो ना..."

"बिघडलेलं लाव, म्हटलं ना."

त्यांनी लावलं. एकतारीचा तो जड झालेला झणत्कार आला आणि बाईंची बोटं काठीवर थांबली. पहिली ओळ सावकाश, भरल्या लोंबीसारखी झुकत आली. बाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या खोलीतल्या मोकळ्या जागेकडे पाहत होत्या, कीर्तनकार उभा राहतो तेवढ्या जागेकडे. ओळ संपली. टाळकऱ्यांनी मागून उचलायची जागा आली. बाईंनी हात पुढे केला, गीताबाईंना तो बरोबर कळला. त्यांनी देवघरातले टाळ आणून हातात दिले.

आणि बाईंनी ओळ उचलली. पांढरी चार आणि पांढरी तीनच्या मधल्या त्याच फटीत. साऱ्या पेटीत नव्हता तो सूर, पण बाईंच्या गळ्यात कुठेतरी सांभाळून ठेवलेला होता.

पद साडेसहा मिनिटांचं झालं होतं. खेमराजभाऊ आज पहिल्यांदाच योग्य मात्रेवर डोलले होते, आणि ते पाहायला कोणाचे डोळे कोरडे नव्हते.

"लहानपनी मी त्यायच्या मांगं टाळ धरत होतो," बाई म्हणाल्या. "माहा टाळ पुढं पुढं जाय. बाबा गाता गाता वळून पाहेत. म्हनेत, गोदे, हळू." त्यांनी टाळ खाली ठेवले. "सप्ताहात सरळ केलेलं लावजो. थे माह्यं हाय. अन् हे मले दे. मोबाइलमंदी टाकून दे."

फ्लेक्सचा प्रश्नही बाईंनीच सोडवला. "महाराजांचे" यातल्या "चे"वर एक पट्टी चिकटवायला सांगितली. मग फ्लेक्स झाला: महागू महाराजांच्या कन्या गोदाबाई यांचे दुर्मिळ ध्वनिमुद्रण. पट्टी तिरपी लागली, पण राजेंद्र म्हणाला, लांबून दिसत नाही. सुखरामबुवांना खरं काय ते दोनदा, चांगल्या कानात सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली आणि म्हणाले, "हौ. महाराज होते ना."

दुपारी पद वाजलं. पेटी, मृदंग, टाळ, सगळ्यांवर खेमराज लांजेवार. तेजरामभाऊंनी हात जोडून लोकांना सांगितलं की हा वरच्या शगुनाच्या एकाचा प्रताप आहे. काला झाला, दही आधी की मीठ यावर थोडी बाचाबाची झाली, आणि एक म्हातारा बाईंच्या पाया पडून उठता उठता म्हणाला, "बेस झालं बाई. पन महाराज हळू म्हनत."

"हौ जी," गोदाबाई हसल्या. "माहीत हाय मले. आजच आयकलं."

खेमराजभाऊ त्यांना बसवर सोडायला गेले. खिडकीजवळची जागा धरली, पिशवीत लाह्यांचा प्रसाद ठेवला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बाईंनी मोबाइल कानाला लावला होता आणि डोळे मिटले होते. बस हलली. खेमराजभाऊंनी "रामकृष्णहरी" म्हणून हात जोडले, पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्या मोबाइलवरच बोलत होत्या, लाडाने आणि थोड्या रागाने.

"बाबा, जरा जलदी घ्या ना. बस सुटून राह्यली."